अंधाऱ्या हिवाळ्यातील नाताळगीत

‘नाताळ’ हा शब्द मराठीने पोर्तुगीजांकडून घेतला आणि इतका आपलासा केला की, त्याचे परकेपण आज कोणाच्या ध्यानातही येत नाही. सणांच्या गाण्यांचेही असेच होते. काही गाणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली असतात. त्यांचा कर्ता कोण, हे कोणी विचारीत नाही. काही मात्र अमुक एका वर्षी, अमुक माणसांनी, नाव आणि पैसा मिळावा या उघड हेतूने रचलेली असतात, आणि तरीही पाहता पाहता ती जुन्या गाण्यांच्या पंक्तीला जाऊन बसतात. इंग्लंडात डिसेंबर उजाडला की दुकानांतून, नभोवाणीवरून आणि पबांच्या उघड्या दारांतून असे एक गाणे ऐकू येऊ लागते. त्यातील आवाज चर्चमधल्या गायकवृंदाचा नव्हे. तो एका खरखरीत, रांगड्या आणि अफाट ताकदीच्या गळ्याचा आहे. गाण्याचे नाव ‘मेरी एक्समस एव्हरीबडी’, ते गाणाऱ्या चौघांच्या मंडळाचे नाव ‘स्लेड’, आणि साल १९७३.

या गाण्याची गणना ज्या प्रकारात होते त्याला ‘ग्लॅम रॉक’ असे नाव आहे. १९७१ च्या मार्चमध्ये मार्क बोलन हा गायक डोळ्यांखाली चमकी लावून बी. बी. सी. च्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमात अवतरला, तेथून या प्रकाराचा आरंभ धरण्याची प्रथा आहे. साटिनचे झगझगीत अंगरखे, जाड तळांचे उंच बूट, गालांवर रंग, आणि या साऱ्या नटव्या थाटाखाली कोणालाही टाळ्या वाजवून साथ करता यावी असा सरळ ठेका, हे त्याचे रूप. डेव्हिड बोवीसारख्या कलावंताने त्यात नाट्य आणले, स्त्री-पुरुष वेषांच्या सीमारेषा पुसण्याचा खेळ आणला. स्लेडच्या मंडळींना असले काही सांगावयाचे नव्हते. त्यांचे चकाकणे जत्रेतल्या चकाकण्यासारखे होते. मागच्या रांगेतल्यालाही ते दिसावे, एवढाच त्याचा मतलब.

ही मंडळी ज्या मुलखातून आली त्याचे नावच ‘ब्लॅक कंट्री’, म्हणजे काळा मुलूख. बर्मिंगहॅमच्या पश्चिमेला असलेला हा प्रदेश कोळशाच्या खाणी, लोखंडाच्या भट्ट्या आणि ओतशाळा यांच्या धुराने काळवंडला, म्हणून हे नाव पडले. वॉल्सॉल हे गाव खोगिरांसाठी प्रसिद्ध, वुल्व्हरहॅम्प्टन कुलपांसाठी, आणि बिल्स्टन पोलादासाठी. गायक नॉडी होल्डर याचा जन्म १९४६ साली वॉल्सॉलला झाला; त्याचे वडील लोकांच्या खिडक्यांच्या काचा पुसून संसार चालवीत. ड्रम वाजविणारा डॉन पॉवेल बिल्स्टनचा. तरुणपणी तो एका ओतशाळेत कामाला होता. गिटारवादक डेव्ह हिल आणि खर्जाची गिटार वाजविणारा जिम ली हे दोघे वुल्व्हरहॅम्प्टन भागात वाढले. चौघांत संगीताचे रीतसर शिक्षण झाले होते ते लीचे. तो व्हायोलिन शिकला होता, आणि मंडळाच्या बहुतेक चाली त्याच्या व शब्द होल्डरचे, अशी वाटणी पुढे रूढ झाली.

१९६६ साली हे चौघे एकत्र आले. तीन वर्षे त्यांनी गावोगावच्या क्लबांतून व नाचगृहांतून फुटकळ कार्यक्रम केले. १९६९ मध्ये चॅस चँडलर या गृहस्थाची त्यांच्यावर नजर गेली. ‘ॲनिमल्स’ या मंडळात तो स्वतः वादक होता, आणि जिमी हेंड्रिक्सला अमेरिकेतून लंडनला आणण्याचे श्रेय त्याच्याकडेच जाते. त्याने प्रथम या चौघांचे केस कातरून, पायांत कामगारी बूट घालून, त्यांना रस्त्यावरच्या दांडग्या पोरांच्या रूपात उभे केले. प्रयोग फसला. मग केस वाढले, कपडे चमकू लागले, आणि नशीबही. होल्डरने आपल्या उंच टोपीवर आरशाच्या गोल चकत्या बसवून घेतल्या. रंगमंचावरचा झोत त्यांच्यावर पडला की त्याचे कवडसे साऱ्या सभागृहावर फिरत, आणि अंधारात उभ्या असलेल्या पोरापोरींच्या तोंडावर क्षणभर उजेड येई.

दुसरे एक वैशिष्ट्य असे की, त्यांच्या गाण्यांची नावे ते मुद्दाम अशुद्ध लिहीत. काळ्या मुलखातला माणूस जसा उच्चार करील तसे शब्द तबकडीवर छापले जात. शिक्षकमंडळींनी यावर नाके मुरडली, मुलांचे शुद्धलेखन बिघडेल अशी ओरड केली, आणि अर्थातच तबकड्या अधिक खपल्या. बेळगावची किंवा इंदूरची मराठी बोलणाऱ्याला या हट्टाचे मर्म वेगळे सांगावयास नको. १९७१ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांचे गाणे ब्रिटनमधील खपाच्या यादीत प्रथमच पहिल्या क्रमांकावर गेले. पुढे १९७३ साली त्यांची दोन गाणी, एक वसंतात व एक उन्हाळ्यात, विक्रीच्या पहिल्याच आठवड्यात थेट पहिल्या क्रमांकावर दाखल झाली. १९६९ मध्ये बीटल्सच्या एका गाण्याला हा मान मिळाल्यानंतर तो दुसऱ्या कोणाच्या वाट्याला आलेला नव्हता.

त्या वर्षी १ जुलैला लंडनच्या अर्ल्स कोर्ट या प्रचंड सभागृहात त्यांचा कार्यक्रम झाला. आरशांच्या टोप्या घातलेले हजारो चाहते आगगाड्या भरभरून आले होते. मंडळाच्या वैभवाचा तो कळस. नंतर तीनच दिवसांनी, ४ जुलैच्या पहाटे, वुल्व्हरहॅम्प्टनमध्ये डॉन पॉवेलच्या मोटारीला भीषण अपघात झाला. मोटारीत तो आणि त्याची वाग्दत्त वधू अशी दोघेच होती. ती अवघी वीस वर्षांची तरुणी जागच्या जागी मरण पावली. पॉवेल सहा दिवस बेशुद्ध होता. कवटीला जबर इजा झाली होती, घोटे आणि बरगड्या मोडल्या होत्या. तो जगेल की नाही याचीच शंका होती.

तो जगला, परंतु पूर्वीचा राहिला नाही. वास आणि चव या दोन संवेदना कायमच्या गेल्या. अपघाताच्या घटकेची तर त्याला काहीच आठवण उरली नाही, आणि त्याहून कठीण गोष्ट अशी की, नवी आठवण मनात टिकेनाशी झाली. काल काय केले, आत्ता घटकेपूर्वी कोण भेटून गेले, हे निसटून जाई. ज्या मुलीशी लग्न ठरले होते तिच्या मृत्यूचे दुःखही धडपणे हाती न लागावे, अशी ती अवस्था होती. मधल्या काळात आधीच ठरलेले कार्यक्रम निभावून नेण्यासाठी लीच्या भावाने ड्रम वाजविले. मंडळ मोडावे की काय, हा विचार चौघांच्याही मनात येऊन गेला असल्यास नवल नाही. परंतु पॉवेलने पुन्हा वाजविण्यास बसावे, हेच त्याच्यावर औषध ठरेल, असे वैद्यकीय मत पडले.

या पार्श्वभूमीवर नाताळगीताची कल्पना पुढे आली. तिचा उगम घरगुती होता. दरवर्षी सणाला वाजेल असे एखादे गाणे तुम्ही का करीत नाही, असे लीच्या सासूबाईंनी जावयाला विचारले, आणि हा प्रश्न जावयाच्या मनात रुतून बसला. स्नानगृहात त्याला कडव्याची चाल सुचली. ध्रुपदासाठी त्याला सहा वर्षांपूर्वीची एक गोष्ट आठवली. १९६७ साली होल्डरने एका झुलत्या खुर्चीवर गाणे रचले होते. त्या काळच्या स्वप्नाळू फुलवेड्या धाटणीचे ते गाणे इतरांना पसंत पडले नाही व अडगळीत गेले. शब्द टाकाऊ होते. परंतु ध्रुपदाच्या चालीत काहीतरी होते. लीने जुने ध्रुपद उचलून आपल्या नव्या कडव्यांना जोडले, आणि दोहोंचा सांधा असा जमला की आज तो दाखविल्याशिवाय दिसत नाही.

शब्दांचे काम होल्डरकडे आले. एक संध्याकाळ गावच्या पबमध्ये घालवून तो वॉल्सॉलला आईवडिलांच्या घरी आला आणि व्हिस्कीचा पेला जवळ घेऊन रात्रीतून सारे गाणे लिहून मोकळा झाला. मद्याने गाणे लिहिले, असे कोणी म्हणू नये. आईवडिलांच्या स्वयंपाकघराशेजारी बसून ते लिहिले गेले, हे अधिक महत्त्वाचे. त्या गाण्यात गव्हाणी नाही, तारा नाही, देवदूतही नाहीत. घरात पाहुण्यांची झालेली दाटी, मुलांची उत्कंठा, जुन्या गाण्यांचे गोडवे गाणारी पण नव्यावर ताल धरणारी आजी, बर्फावरची घसरगुंडी, आणि पुढे येणाऱ्या दिवसांकडे पाहण्याचा एक साधा, धीट सूर, एवढाच मजकूर. खिडक्या पुसणाऱ्याच्या घरी सण जसा होई तसा तो त्यात आहे. इंग्रजीतल्या पुष्कळशा नाताळगीतांत जे गुळगुळीत शहाणपण आढळते, त्याचा येथे मागमूस नाही.

ध्वनिमुद्रण न्यूयॉर्कला झाले. मंडळ अमेरिकेच्या दौऱ्यावर होते, उन्हाळा सरत आला होता आणि शहरात असह्य उकाडा होता. पश्चिम ४४ व्या रस्त्यावरील ‘रेकॉर्ड प्लांट’ या स्टुडिओत घामाघूम झालेले हे चौघे बर्फाचे आणि शेकोटीचे गाणे गाऊ लागले. पॉवेल काठी टेकीत येई. ड्रमच्या बैठकीवर त्याला धरून बसवावे लागे. हातांना ठेके आठवत होते, परंतु गाण्याचा क्रम डोक्यात राहत नव्हता. कडवे संपले की पुढे काय, ध्रुपद केव्हा, कोठे थांबावयाचे, हे सहकाऱ्यांनी खुणेने किंवा तोंडाने सांगावे, तेव्हा तो पुढे सरके. तोपर्यंत एका दमात, समोरासमोर उभे राहून वाजविणे ही या मंडळींची रीत होती. आता तुकड्यातुकड्यांनी वाजवून ते जोडावे लागले. पहिला प्रयत्न मनास येईना, म्हणून तो टाकून पुन्हा मुद्रण केले. एकाच गाण्यावर इतके दिवस घालविण्याची त्यांना सवय नव्हती.

गाण्याच्या आरंभी जे मंद, रुंद स्वर येतात ते हार्मोनियमचे. त्या सुमारास जॉन लेनन याच स्टुडिओत आपल्या गाण्यांचे मुद्रण करीत असे, आणि त्याच्या कामासाठी आणलेली हार्मोनियम तेथे होती. तीच या मंडळींनी वापरली. आकाशवाणीने १९४० साली आपल्या केंद्रांबाहेर काढलेली आणि १९७१ पर्यंत बाहेरच ठेवलेली आपली पेटी ती हिचीच बहीण. तिकडे मात्र चर्चच्या ऑर्गनची आठवण जागी करण्याचे काम या वाद्याने दोनचार क्षणांत साधले, आणि लगेच ड्रमचा धपका येऊन सारे काही पबमध्ये नेऊन बसविले.

ध्रुपदाला घोळक्याचा आवाज हवा होता. स्टुडिओच्या बंदिस्त खोलीत तो मिळेना. बाहेर इमारतीच्या मार्गिकेत नैसर्गिक घुमारा होता, तेव्हा ध्वनिग्राहक तेथे मांडून चौघेही घसा फोडून गाऊ लागले. त्या इमारतीत इतर कचेऱ्या होत्या. भर उन्हाळ्यात, कोट-टाय घातलेल्या अमेरिकन कारकुनांच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर चार लांबकेसे इंग्रज उभे राहून नाताळच्या शुभेच्छा ओरडत आहेत, हे दृश्य पाहून त्या कारकुनांनी यांना वेड्यांत काढले. गाण्याच्या अखेरीस होल्डरने सण आल्याची जी गगनभेदी आरोळी ठोकली, तिच्याविषयी एवढेच म्हणता येईल की, तशी आरोळी ठोकण्यास ब्लॅक कंट्रीतला गळाच हवा.

तबकडी इंग्लंडात विक्रीस आली ७ डिसेंबर १९७३ रोजी. मधल्या तीन महिन्यांत जग बदलले होते. ऑक्टोबरमध्ये अरब-इस्रायल युद्ध झाले, तेलाचा पुरवठा आखडला आणि किमती भडकल्या. ब्रिटनमध्ये कोळशाच्या खाणीतील कामगारांनी पगारवाढीसाठी १२ नोव्हेंबरपासून जादा वेळ काम करण्याचे बंद केले. दुसऱ्याच दिवशी सरकारने आणीबाणी पुकारली. मोटारींचा वेग ताशी ५० मैलांवर आणला गेला, आणि पेट्रोलची शिधापत्रके प्रत्यक्ष वापरावी लागली नाहीत तरी छापून वाटली गेली. १३ डिसेंबरला पंतप्रधान एडवर्ड हीथ यांनी जाहीर केले की, नव्या वर्षापासून बहुतेक कारखान्यांना व कचेऱ्यांना आठवड्यातून तीनच दिवस वीज मिळेल. १७ तारखेपासून दूरचित्रवाणीचे कार्यक्रम रात्री साडेदहाला बंद होऊ लागले. सणापुरती तेवढी सवलत मिळाली. दुकानदार मेणबत्त्या लावून गिऱ्हाईक करीत होते. तबकड्या बनविण्याचे प्लॅस्टिकही खनिज तेलापासूनच तयार होते, त्यामुळे ध्वनिमुद्रिकांचा धंदाही अडचणीत आला.

अशा स्थितीत या एका गाण्याची आगाऊ मागणीच पाच लाख प्रतींची होती. १५ डिसेंबरच्या यादीत, म्हणजे हीथ यांच्या त्या भाषणानंतर दोन दिवसांनी, ते थेट पहिल्या क्रमांकावर आले. एका वर्षात तिसऱ्यांदा स्लेडने हा पराक्रम केला. त्याच हंगामात बर्मिंगहॅमच्या रॉय वूड याच्या ‘विझर्ड’ मंडळानेही एक नाताळगीत काढले होते. शाळकरी मुलांच्या साथीमुळे ते अधिक गोंडस वाटते आणि रचनाही त्याची अधिक गुंतागुंतीची आहे. ते चौथ्या क्रमांकापर्यंत गेले. काळवंडलेल्या त्या एकाच टापूतून दोन्ही गाणी यावीत, हा योगायोगच म्हणावयाचा. स्लेडचे गाणे सण होऊन गेल्यावरही पहिल्या क्रमांकावर होते, एकूण पाच आठवडे. जानेवारीत, वीज नसलेल्या दिवशी घरी बसून, लोक नाताळचे गाणे विकत घेत होते! एकूण खप दहा लाखांच्या पलीकडे गेला.

देश निराशेत बुडाला होता म्हणून त्याला धीर देण्यासाठी स्लेडने हे गाणे रचले, असे आता सर्रास सांगितले जाते. तारखा पाहिल्या तर ते टिकत नाही. चाल, शब्द आणि मुद्रण हे सर्व तेलाचा तुटवडा पडण्यापूर्वीच पुरे झाले होते. सप्टेंबरमध्ये कोणाला ठाऊक होते की डिसेंबरमध्ये दिवे जातील? त्या चौघांच्या घरात मात्र अंधार आधीच शिरला होता. एक मित्र मरणाच्या दारातून परत आला होता, एक तरुण जीव गेला होता, आणि उद्या आपले मंडळ असेल की नसेल हे कोणाला सांगता येत नव्हते. पुढल्या दिवसांकडे पाहा, असे सांगणारे ध्रुपद त्या मनःस्थितीत गायले गेले. शब्द उसने नव्हते, आणि तीन महिन्यांनी ते भलत्याच लक्षावधी लोकांना लागू पडले. मेणबत्तीच्या उजेडात बसलेल्या श्रोत्यांपैकी फारच थोड्यांनी त्या तबकडीमागच्या काठी टेकणाऱ्या वादकाचा विचार केला असेल.

तीन दिवसांचा आठवडा ७ मार्च १९७४ ला संपला. त्याआधीच, २८ फेब्रुवारीच्या निवडणुकीनंतर, हीथ यांना सत्ता सोडावी लागली होती. ग्लॅम रॉकचीही लाट ओसरू लागली. स्लेडला पहिला क्रमांक पुन्हा कधी लाभला नाही. हे त्यांचे सहावे आणि शेवटचे. १९७५ नंतर अमेरिकेत जम बसविण्याच्या खटपटीत त्यांची दोन वर्षे गेली आणि हाती काही लागले नाही. परत आले तो इंग्लंडात पंक नावाचे नवे वादळ सुरू झालेले, आणि आरशांची टोपी हास्यास्पद ठरलेली. १९८० च्या ऑगस्टमध्ये रेडिंगच्या संगीतमहोत्सवात ऐनवेळी एका गायकाची जागा भरून काढण्यासाठी त्यांना बोलावणे आले आणि त्यांनी मैदान मारले. श्रोत्यांनी त्या दिवशी कोणते गाणे मागितले असेल? ऑगस्ट महिन्यात, उघड्या मैदानावर, नाताळचे. १९८० नंतरच्या दशकात ते डिसेंबर महिन्यांत पुनःपुन्हा खपाच्या यादीत डोकावू लागले.

होल्डर १९९२ साली मंडळातून बाहेर पडला. या एका गाण्याला तो आपले निवृत्तिवेतन म्हणतो, आणि दर डिसेंबरात ते वेतन चुकते होत आले आहे. ली यानेही मंडळ सोडले. हिल आणि पॉवेल यांनी मात्र नवे साथीदार घेऊन स्लेडच्याच नावाने कार्यक्रम चालू ठेवले, आणि पॉवेल २०२० च्या आरंभापर्यंत त्यांच्याबरोबर होता. त्याला नाताळच्या मेजवानीतले भाजलेले पक्वान्न रुचीला लागत नव्हते, आणि मेणबत्ती विझल्याचा वासही येत नव्हता. स्मरणशक्ती पूर्णपणे कधीच भरून आली नाही. दिवस निसटून जाऊ नयेत म्हणून तो रोजनिशी लिहू लागला: आज कोठे गेलो, कोण भेटले, कोणत्या गावी वाजविले. २०१३ साली त्याचे चरित्र प्रसिद्ध झाले, तेव्हा त्या वह्यांचा मोठा उपयोग झाला.